तोंडी लावायला भात

आमच्या परभणीकडं भाताला मान आहे, पण शेवटचा. आधी भाकरी, कालवण, ठेचा, फोडलेला कांदा, आणि मग ताटातलं संपत आलं, हात वाळायला लागला की कुणीतरी विचारणार "भात घालू का थोडा?" आणि समोरचा म्हणणार "घाला, पण घासभरच". ज्वारीचा मुलूख आहे, इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या ज्वारीच्या वाणांची नावंसुद्धा परभणी मोती, परभणी शक्ती अशी आहेत, म्हणजे बघा. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या अजूनही नुसता भात खाऊन उठलेल्या माणसाला जेवला असं म्हणत नाहीत, "काही खाल्लंस का, का भातावरच भागवलं?" असं विचारतात.

तर अशा घरात मी सारखा एक भात करत असते, लिंबू-कोथिंबिरीचा. आणि तो शेवटी येत नाही, भाकरीसोबतच ताटात बसतो, चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत, वाटीभर, जास्त नाही. काळ्या मसाल्याच्या कालवणाचे दोन घास झाले, नाक वाहायला लागलं की मधी एक घास ह्या भाताचा घ्यायचा, तोंड निवतं, परत तिखट खायला मोकळे. माझ्या मते हा तोंडी लावायचाच भात आहे आणि तो तसाच ठेवावा. जे लोक त्याच्यात काजू, बटाटा, मटार, पनीर, परत वरून तळलेला कांदा घालून एकवेळचं जेवण करायलेत त्यांच्याशी माझं पटत नाही. करा, कुणी अडवलंय, पण मग सरळ मसालेभात करा की, तो काय वाईट आहे का.

माझ्या नणंदेची लेक पुण्यात नोकरीला आहे, ती आली की पहिल्या दिवशीच फर्माईश, "मामी, तुमचा तो सिलॅन्ट्रो लाइम राइस करा ना". नाव ऐकून आत्या माझ्याकडं बघतात, मी म्हणते कोथिंबिरीचा भात म्हणायलीय ती. पुण्यात म्हणे बुरिटो बोल नावाचा प्रकार मिळतो, खाली हा भात, वर राजमा, मका, टोमॅटोची कच्ची चटणी, दह्यासारखं काहीतरी, सगळं एका वाडग्यात. अमेरिकेतल्या मेक्सिकन पद्धतीच्या हॉटेलांमुळं तो भात सगळीकडं पोचला. मला ह्यात गंमत वेगळीच वाटते. तांदूळ, लिंबू, कोथिंबीर ह्या तिघांतलं मूळचं मेक्सिकोचं काहीच नाही, स्पॅनिश लोकांनी जहाजातून नेलं सगळं, त्यातले तांदूळ आणि लिंबू तर आपल्या आशियातलेच. आणि तिकडून आपल्याकडं काय आलं तर मिरची, पोर्तुगिजांच्या हातानं. म्हणजे ठेच्यासोबत हा भात खाल्ला की चारपाचशे वर्षांचं देणंघेणं एका ताटात फिटतं.

आत्यांना लिंबाचा भात तसा नवा नाही. त्यांचं माहेर देगलूरकडचं, तेलंगणाच्या वेशीवरचं, अर्धे सोयरे तेलुगू बोलणारे, त्यांच्याकडं सणावाराला पुलिहोरा असतोच. चिंचेचा केला तर तो खरा, लिंबाचा केला तर तो घाईतला, असं त्यांचं म्हणणं. त्याच्यात मोहरी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, शेंगदाणे, लाल मिरची, हिंग, कढीपत्ता आणि हळद. खाली कर्नाटकात गेलं की तेच चित्रान्न. मी जेव्हा हा पांढरा-हिरवा भात त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "हळद संपलीय का गं?" हळदीचं काय आहे, लिंबासोबत तिचा पिवळा रंग खुलतो, दिसायला झकास, पण तिचा स्वतःचा एक मातकट वास असतो आणि तो कोथिंबिरीच्या वासावर बसतो. पुलिहोऱ्यात फोडणीच मुख्य असते, त्यामुळं तिथं चालतं. ह्या भातात फोडणीच नाही. मोहरीसुद्धा नाही. आणि लोकांना हेच पटत नाही, बिनफोडणीचं काही करायचं म्हटलं की आपला हात आपोआप मोहरीच्या डब्याकडं जातो.

आता लिंबाचं बोलू, कारण सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडं आठवडी बाजारात लिंबं वाट्यानं मिळतात, पोत्यावर पाचपाच सहासहाचे वाटे लावलेले, वर दोन पिवळीधमक आणि खाली हिरवी टणक दडवलेली. मी म्हणते, "मावशी, हे टणक कामून घातलं वाट्यात?" तर मावशी म्हणणार, "घरी दोन दिस ठिव बाई, पिवळं होतंय." होतं की पिवळं, खोटं नाही बोलत ती, पण लिंबू झाडावरून तोडलं की त्याच्यात रस काही वाढत नसतो, नुसती साल पिवळी होते आणि आत तेवढंच कोरडं राहतं. म्हणून लिंबू हातात घेऊन बघायचं, आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे, साल पातळ आणि तुकतुकीत, अंगठ्यानं दाबलं तर जरा दबलं पाहिजे. खरखरीत जाड सालीचं कितीही मोठं असलं तरी ठेवून द्या. ते लोणच्याला बरं.

परभणीच्या विद्यापीठानं कागदी लिंबाच्या दोन जाती काढल्यात, विक्रम आणि प्रमालिनी, दोन्हीला घोसानं फळं लागतात. राहुरीच्या विद्यापीठाची साई शरबती पण बागांमधी खूप दिसते. बाजारात मात्र ह्यातलं काही विचारू नका, मावशी "गावरान हाय" एवढंच सांगणार, मग ते कुठल्याही जातीचं असो. जातीपेक्षा हंगाम बघा. लिंबाला तीन बहार येतात, आंबे, मृग आणि हस्त. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबे बहाराची फळं पावसाळ्यात येतात, भरपूर येतात म्हणून तेव्हा वाट्यात दोन लिंबं फुकट टाकून मिळतात. मृगाचा माल हिवाळ्यात. हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरचा, त्याची फळं ऐन उन्हाळ्यात येतात, पण तो बहार धरणं अवघड, कारण पावसाळा संपता संपता झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, आणि त्याच वेळेला परतीचा पाऊस येऊन सगळं विस्कटतो. म्हणून एप्रिल-मेमधी एका लिंबाचे दहा रुपये सांगितले की मी शेतकऱ्याला नावं ठेवत नाही. मधल्या लोकांना ठेवते.

मध्यम लिंबू चांगलं असलं तर मोठा चमचाभर रस निघतो. वाटीभर तांदळाच्या भाताला असा दीड चमचा पुरतो, फार आंबट आवडत असेल तर दोन. रस काढायच्या आधी लिंबू वट्ट्यावर तळहातानं दाबून फिरवायचं, फ्रिजमधलं असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायचं, आणि कापायच्या आधी, हे कापायच्या आधीच बरं का, कापल्यावर जमत नाही, बारीक किसणीवर त्याची साल किसून घ्यायची. नुसता वरचा रंगीत पापुद्रा. खालचं पांढरं लागलं की कडू. एका लिंबाची पाव चमचासुद्धा किस निघत नाही पण लिंबाचा खरा वास त्या सालीतल्या तेलात असतो, रसात आंबटपणा असतो पण वास थोडाच. आपल्याकडं पिळलेल्या लिंबाच्या साली भांडी घासायला जातात आणि सगळा वास बेसिनला मिळतो.

अजून एक म्हणजे लिंबाची पानं. आमच्या शेजारच्या काकूंच्या परसात लिंबाचं झाड आहे, काटे असे की हात घालायची भीती, पण कोवळी दोन पानं तोडून आणायची, मधली शीर काढायची आणि भात शिजताना पाण्यात टाकायची. शिजल्यावर काढून टाकायची. झाकण उघडलं की जो वाफेचा वास येतो त्यानं पोरं आपोआप स्वयंपाकघरात येतात. पानं नाही मिळाली तरी भात होतो, अडत काही नाही.

तांदळाचं मी फार डोक्यात घेत नाही. बासमती नको, त्याचा स्वतःचाच वास मोठा. आंबेमोहोर नको, चिकट होतो, त्याची जागा वरणाखाली. आमच्याकडं निजामाबादकडून येणारा बीपीटी मिळतो नाहीतर एचएमटी, दोन्ही चालतात, फक्त जुना पाहिजे. एचएमटीची गोष्ट माहिती असेल बहुतेकांना, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथल्या दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्यानं 1980 च्या दशकात आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून निवडून हा वाण तयार केला, आणि तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती म्हणून तेच नाव पडलं. नांदेड ऐकून आमच्या इकडचे लोक छाती फुगवतात, पण ते नांदेड वेगळं, आपलं नाही. दादाजी 2018 ला गेले. तांदूळ देशभर खाल्ला जातो, घड्याळांची कंपनी बंद पडली.

तर वाटीभर तांदूळ, पाणी नितळ निघेपर्यंत धुवून, वीस मिनिटं भिजवून, निथळून. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर मिनिटभर परतायचे, दाणा मोडू द्यायचा नाही. मग पावणेदोन वाट्या आधणाचं पाणी, मीठ, ती दोन पानं, आणि लिंबाच्या रसाचे चारपाच थेंब. हे थेंब चवीला नाहीत, रंगाला आहेत. आमच्याकडं बोअरचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो असलं, ते उकळलं की जास्तच अल्कली होतं, म्हणजे आंबटाच्या उलटं, आणि त्यात शिजवलेला भात पिवळट दिसतो, कारण तांदळातली काही रंगद्रव्यं अशा पाण्यात पिवळी पडतात. दोनचार थेंब आंबट पडलं की भात पांढराशुभ्र. (ह्याच पाण्यानं तुरीची डाळपण शिजत नाही, पण तिथं लिंबू टाकू नका, अजूनच शिजणार नाही.) उकळी आली की गॅस बारीक, झाकण, बाराएक मिनिटं, मग गॅस बंद आणि दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकरला पण होतो, दोन शिट्ट्यांत, पण खालचा थर गिचका होतो आणि ह्या भाताला तोच नडतो.

काहीजण सांगतात की भरपूर पाण्यात शिजवा आणि पाणी ओतून द्या, भात एकदम मोकळा होतो. होतो ना. पण 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या सगळ्याच भागात टँकरच्या वेळेवर घर चालायचं, भांडी धुतलेलं पाणी झाडाला आणि भाजी धुतलेलं पाणी संडासला. त्यानंतर मोरीत पातेलंभर पेज ओतायला माझा हात धजत नाही. पेज गाळलीच तर मीठ-जिरं घालून प्यायची तरी. आणि मोकळ्या भाताला ती पद्धत लागतच नाही, शिजलेला भात परातीत उपसून पसरला की वाफ निघून जाते आणि दाणा दाणा सुटतो. उपसताना पळीनं खरवडायचं नाही, पातेलं तिरकं करून ताटलीनं हळू सोडायचा.

कोथिंबीर गावरान घ्या, बारीक पानाची, तिचा वास पिशवीतून येतो. मोठ्या पानाची जुडी दिसायला भरघोस, पण नाकाला काही कळत नाही. निवडताना कोवळे देठ टाकून देऊ नका, पानांपेक्षा देठांना चव जास्त. धुवून पंचावर पसरून पूर्ण वाळू द्यायची, ओली कोथिंबीर चिरली की तिचा लगदा होतो आणि भाताला हिरवं पाणी सुटतं. धारदार सुरी नाहीतर विळी. मिक्सर अजिबात नाही, मिक्सरमधी फिरवून भातात कालवलेली कोथिंबीर म्हणजे चटणीभात झाला, त्याला दुसऱ्या दिवशी गवताचा वास येतो. चिरून वाटीभर झाली पाहिजे, दाबून नाही, सैल. तांदूळ वाटीभर, कोथिंबीर वाटीभर. शिजल्यावर भात तिपटीला जातो त्यामुळं हे जास्त वाटत नाही.

आता भात कालवायचं, आणि ह्या एका गोष्टीवर मी घरात कुणाचं ऐकत नाही. भाची मागच्या वेळेस उत्साहात होती, "मामी, मी करते", बरं कर म्हटलं. तिनं भात कढईत घेतला, गॅस चालू, वरून कोथिंबीर, वरून लिंबू पिळलं आणि उलथन्यानं परतायला लागली. माझं पीठ मळणं चालू होतं, मी मान वर करून बघितलं तोवर कढईतली कोथिंबीर हिरवीची खाकी झालेली, पोलिसाच्या जुन्या ड्रेससारखी, आणि घरभर लिंबाचा वास. ती म्हणाली, "वास किती भारी यायलाय ना?" मी म्हटलं, "येणारच की, सगळा बाहेर आलाय, ताटात काय राहिलं आता?" त्यामागं कारण साधं आहे. कोथिंबिरीतल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं, आंबट आणि आच दोन्ही एकदम लागलं की ते निघून जातं आणि हिरव्याचा मेंदी-खाकी रंग होतो. कोथिंबिरीचा आणि लिंबाच्या सालीचा वासही उडून जाणारा, कढईत दोन मिनिटं परतला की संपला. क जीवनसत्त्वही उष्णतेनं जातं, पण ते मी पोरांना घाबरवायला सांगते, माझा खरा मुद्दा वासाचा.

म्हणून भात परातीत पसरल्यावर जरा थांबायचं. हात लावला तर सोसेल इतका कोमट झाला पाहिजे, गार होऊ द्यायचा नाही, गार भात रस पीत नाही, तो दाण्याच्या वरवर राहतो आणि तळाला साचतो. एका वाटीत लिंबाचा रस, किसलेली साल, मीठ आणि दोन चमचे करडईचं तेल चमच्यानं फेटून घ्यायचं, जरा दाटसर आणि धूसर दिसायला लागतं, ते भातावर सगळीकडं फिरवून टाकायचं. मग हातानं, चमच्यानं नाही, बोटं खालून घालून भात वर उचलायचा आणि सोडायचा, असं परातभर. दाण्याला तेलाचा हात लागला की तो चमकायला लागतो आणि एकमेकांना चिकटत नाही. मग देठं, मग शेवटी पानं, परत एकदा उचलून सोडायचं. पाच मिनिटं झाकून ठेवायचं. एक हिरवी मिरची बिया काढून एकदम बारीक चिरून घातली तरी चालते, पण तिखट हे कालवणाचं काम आहे, ह्या भाताचं नाही.

करडईच्या तेलावरून लोक मला हसतात. आमच्याकडं रब्बीत करडई असते, निदान असायची, आता सोयाबीन आणि हरभऱ्यानं बरीच जागा खाल्लीय, पण घाण्यावरचं तेल अजून मिळतं. कच्च्या करडईच्या तेलाला हलका, कोवळा वास असतो, लिंबाच्या आड येत नाही. शेंगदाण्याचं तेल चालेल पण त्याचा वास पुढं पुढं करतो. तूप नको, कोमट भातावर तूप आणि लिंबू एकत्र आलं की तोंडात मेणचट लागतं, तूप वरणभाताला ठेवा. साखर घालायची का, तर चिमूटभर घातली तर आंबटपणाला गोलाई येते हे खरं, पुण्याची माणसं घालतात, आम्ही घालत नाही, आमचं तोंड तसंही गोड नाही.

आणि परात स्टीलची घ्या. आत्यांची पितळी परात मोठी, भात पसरायला एकदम बेस्ट, पण कल्हई उडालीय आणि कल्हईवाला गल्लीत येईनासा झालाय, तिच्यात लिंबू लागलं की कळकतंच. चव तर जातेच, पोटालाही बरं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही ह्याच कारणानं नको.

कशासोबत खायचा? येसर आमटीसोबत पहिला नंबर. येसर म्हणजे धान्य-डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ, आमच्याकडं घरोघरी डब्यात असतं, त्याची आमटी दाट आणि उग्र, तिला हा भात बरोबर कापतो. मसाल्याच्या वांग्यासोबत, पाटवड्यांच्या रश्श्यासोबत, उडदाच्या घुट्यासोबत छान. रविवारी मटणाचा तर्रीवाला रस्सा असेल तर आमचे हे भाकरी कमी आणि हा भात जास्त घेतात आणि वर म्हणतात "मला भात आवडत नाही तसा". चिंच-गुळाच्या आमटीसोबत मात्र देऊ नका, कढीसोबत नको, ताकासोबत तर नकोच, दोन आंबट एका ताटात आले की दोन्हीची चव पडते. दही-कोशिंबीर त्या दिवशी सुट्टीवर. कच्चा कांदा, काकडी, भाजलेले शेंगदाणे बास.

मला एकीनं विचारलं होतं की जालन्याची मोसंबी घालून करू का, एवढी प्रसिद्ध आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. मोसंबी उन्हातून आल्यावर सोलून खावी, तिच्यात आंबटपणा जवळजवळ नाहीच आणि रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवट होतो, भातात तर ते कडूच तेवढं उरेल. ईडलिंबू मिळालं तर त्याची साल किसून घाला, रस लिंबाचाच ठेवा. उन्हाळ्यात अर्धी कोथिंबीर काढून त्याजागी पुदिना घालते मी, पुदिना हातानं तोडायचा, चिरला की काळा पडतो. शेपूचा पण करून बघितला, मला आवडला, घरात बाकी कुणाला नाही, शेपूचं असंच असतं, एकतर आवडतो नाहीतर माणूस उठून जातो.

उरला तर वट्ट्यावर ठेवू नका. मे महिन्यात आमच्याकडं पारा 43-44 ला जातो, शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजूनही जिवंत असतात, उष्ण हवेत ते वाढतात आणि परत गरम केल्यावरही त्यांचं विष जात नाही, लिंबू आहे म्हणून टिकेल ह्या भरवशावर राहायचं नाही. तासाभरात डब्यात भरून फ्रिजमधी. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर मलूल झालेली असते, तो भात परत गरम करून ताटात वाढण्यात अर्थ नाही. मी त्याच्यात ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ, लसूण-मिरची, तीळ घालून धपाटे लावते, लिंबाची साल भाजल्यावर मधीच दाताखाली येते, छान लागते. आत्या म्हणतात, हां, आता कसं, आता भाकरीसारखं काहीतरी झालं.